घरी विचारून सांगतो

*काका, नमस्कार. तुमचं सदर मी नेहमी वाचते. आम्ही चिपळूणजवळ राहतो. मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत. घरी सासूबाई आणि दहावीतली मुलगी. मोठा मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर राहतो. त्याच्या खोलीवर येणारा एक ओळखीचा मुलगा दिवाळीत त्याला म्हणाला, तुझं बँकेचं खातं आम्हाला वापरायला दे, गेमिंगचे पैसे येतात-जातात, महिन्याला पाच हजार मिळतील. याने एटीएम कार्ड, पासबुक आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं नवं सिम देऊन टाकलं. दोन महिने पाच-पाच हजार मिळालेही. आता खातं गोठवलंय आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली आहे. ती घेऊन तो रडत माझ्याकडे आला. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही, ते तापट आहेत. त्यातच गेल्या महिन्यात सासूबाईंना 'आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज आला आणि त्या नंबरवर त्या फोन लावत होत्या. मुलीने फोन काढून घेतला म्हणून वाचलो. मुलाचं आता काय करू? आणि घरातल्या बाकीच्यांना कसं शिकवू? मी बारावी शिकलेली, माझं कोण ऐकणार? — एक आई*

ताई, नमस्कार.

मुलगा नोटीस घेऊन तुमच्याकडे आला, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. नोटीस गादीखाली सारून देणारी आणि सहा महिन्यांनी पोलीस दारात आल्यावर तोंड उघडणारी मुलं मी पाहिली आहेत. तुमचा मुलगा आधी आला. त्याला हे एकदा बोलून दाखवा.

आता आधी मुलाचं बघू, कारण तिथे दिवस महत्त्वाचे आहेत.

नोटीस खरी आहे का, ते पहिल्यांदा तपासा. भामटे खोट्या नोटिसाही पाठवतात, आणि घाबरलेल्या माणसाकडून 'प्रकरण मिटवायला' पैसे काढतात. नोटिशीवर छापलेल्या नंबरवर फोन करू नका. त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या ठाण्याचा नंबर काढा आणि तिथे विचारा. नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर आली असेल तर जास्तच सावध राहा. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. पण म्हणून ती बाजूला टाकू नका. खातं खरोखरच गोठलंय, म्हणजे कुठेतरी, कुणीतरी तक्रार केलेली आहे.

मग मुलाला घेऊन त्याच्या मूळ शाखेत जा, जिथे खातं उघडलं तिथेच. काउंटरवर तोंडी विचारून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या. अर्जात तीन गोष्टी विचारा: कोणत्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून खातं गोठवलं, तक्रारीचा क्रमांक काय, आणि वादातली रक्कम किती. कधी सगळं खातंच बंद केलेलं असतं, कधी ठराविक रकमेवर 'लीन' लावलेलं असतं, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून ठेवलेली असते. दोन्हींत फरक आहे, आणि वकिलाला तो कळायला हवा. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. कार्ड दुसऱ्याच्या हातात आहे, तेव्हा ते त्याच वेळी ब्लॉक करून घ्या.

सिमचं विसरू नका. ते तुमच्या मुलाच्या नावावर आहे आणि आजही कुणाच्या तरी खिशात असेल. त्या नंबरवरून उद्या कुणाला धमकीचा फोन गेला तर नाव तुमच्या मुलाचंच निघेल. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं आणि नको तो बंद करायची विनंती तिथूनच करता येते. कंपनीच्या दुकानात जाऊनही ते सिम बंद करून घ्या.

त्याच आठवड्यात वकील गाठा. परवडत नसेल तर रत्नागिरी किंवा पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. नोटिशीला उत्तर वकिलाच्या सल्ल्याने आणि मुदतीत द्या. उत्तरात जे घडलं ते सगळं खरं असू द्या, मिळालेले दहा हजारसुद्धा. त्या ओळखीच्या मुलाबरोबरचे मेसेज, त्याचा नंबर, पैसे आल्याच्या नोंदी यांतलं काहीही मिटवायचं नाही. मुलं घाबरून आधी चॅट उडवतात आणि स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच घालवून बसतात. त्या मुलाला फोन करून जाब विचारायलाही जाऊ नका. तो सावध होईल, एवढंच.

आणखी एक धोका सांगून ठेवतो. खातं गोठलं की 'आमची पोलिसांत ओळख आहे, पंधरा हजारांत फ्रीझ काढून देतो' म्हणणारे एजंट भेटतात. बऱ्याचदा हे त्याच टोळीतले किंवा त्यांच्याच जातकुळीतले असतात. कुणालाही एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. गोठवलेलं खातं कुणा एजंटच्या ओळखीवर बँक मोकळं करत नाही. मी स्वतः त्या खुर्चीत बसलेलो आहे.

'मला माहीतच नव्हतं' एवढ्यावर मुलगा सुटेल असं खोटं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. फसवणाऱ्याला आपण अजून चारसौवीस म्हणतो. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेला आहे आणि फसवून पैसे काढून घेण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाचा त्यात किती हात होता हे तपासात ठरेल. पण लवकर पुढे येऊन कागदपत्रांसह सगळं सांगणारा आणि शोधून आणावा लागणारा यांच्याकडे तपास अधिकारी एकाच नजरेने बघत नाहीत.

आता तुमच्या मुलाला हे समजावून सांगायचं आहे, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. कारण मुलांना आपण शिकवतो ते 'कुणी तुला फसवेल, जप' एवढंच. तुमच्या मुलाला कुणी लुटलं नाही. लुटीचा माल त्याच्या दारातून नेला.

समजा नागपुरात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केलं आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे सांगितलं. पण त्या बाई घाबरलेल्या असतात, आणि 'तपासणीसाठी' चार लाख पाठवतात. ते पैसे भामट्याच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. तो एवढा भोळा नसतो. ते जातात तुमच्या मुलासारख्या कुणाच्या तरी खात्यात. तिथून काही मिनिटांत दहा खात्यांत, तिथून आणखी वीस खात्यांत, आणि मग एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो होऊन देशाबाहेर. अशा भाड्याच्या खात्याला पोलीस आणि बँकवाले 'म्यूल' म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. ही खाती मिळाली नाहीत तर घाबरवणारा माणूस फोनवर कितीही ओरडला तरी पैसे ठेवणार कुठे? हा धंदा कॉलेजातल्या पोरांच्या पासबुकांवर उभा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला, तेव्हा अशी खाती उघडण्यात बँकेच्या माणसांचा हात होता का, हे तपासायलाही सांगितलं. माझ्याच क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून मी हे लपवणार नाही.

मुलाला तुरुंगाची भीती दाखवू नका, ती त्याला आता पुरेशी आहे. त्याला त्या शिक्षिकेबद्दल सांगा. तिच्या तक्रारीत पैसे कुठे गेले या रकान्यात पहिलं नाव कुणाचं असेल, हे त्याला स्वतःच बोलू दे.

आणि मग त्याला न रागावता विचारा, पाच हजार कशासाठी हवे होते? कॉटचं भाडं थकलं होतं? मेसचे पैसे? की मित्रांबरोबर बाहेर जायला कमी पडत होते? उत्तर काहीही असो, ते तुम्हाला कळायला हवं, कारण ती गरज अजून तिथेच आहे. पुण्यात कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना असते, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. तिच्यात पाच हजार मिळतीलच असं नाही, पण कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करायला लावा. 'गेमिंगचे पैसे' हे कारण यापुढे कुणी दिलं तर तेवढंच पुरे आहे: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. आणि खरं काम करणाऱ्या कंपनीला स्वतःचं खातं असतं, तिला एका विद्यार्थ्याच्या पासबुकाची गरज पडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बाकीच्यांना कसं शिकवू, आणि माझं कोण ऐकणार.

आमच्या आजोबांच्या तोंडी एक वाक्य असायचं. बैल बघायला जा, जमिनीचा तुकडा बघायला जा, मुलीला स्थळ सांगून आलं तरी, समोरच्याने कितीही घाई केली, 'आजच बोला, उद्या दुसरा गिऱ्हाईक आहे' म्हटलं, की आजोबा उठायचे, उपरणं खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "घरी विचारून सांगतो." खरोखर विचारायचेच असं नाही. पण त्या वाक्याने एक रात्र मध्ये पडायची. भामट्याला हीच रात्र नको असते. कोणताही फसवणुकीचा फोन आठवून बघा, दोन गोष्टी असतातच: आत्ताच्या आत्ता कर, आणि कुणाला सांगू नकोस. डिजिटल अरेस्टवाला म्हणतो, गुप्त तपास आहे. शेअरच्या टिप्स देणारा म्हणतो, ग्रुपबाहेर बोलू नका. तुमच्या मुलाला खातं मागणाऱ्यानेही 'घरी सांगू नको, त्यांना यातलं कळत नाही' म्हटलं असणार. विचारून बघा.

२०२४ मध्ये, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, एक सत्तरीचे गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले होते. सगळी ठेव, एकाच खात्यात पाठवायची. शर्टाच्या खिशात मोबाइल होता आणि तो चालू कॉलवर होता. मला दिसत होतं की ते मला उत्तर देण्याआधी थांबतात, ऐकतात आणि मग बोलतात. मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे लिहिलं, 'फोनवर कुणी आहे का? फक्त मान हलवा.' त्यांनी हलवली. मी लिहिलं, 'घरी कुणाला माहीत आहे?' त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि डोळ्यांतून पाणी आलं. फोन बंद करायला त्यांना जवळजवळ पाऊण तास लागला. नंतर त्यांच्या पत्नीला बोलावलं. त्या आल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "तुम्ही मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तू काय म्हणशील, याची भीती वाटली."

या 'काय म्हणशील'वर मला माझं स्वतःचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ कोल्हापूरला असतो. जुना सोफा विकायला त्याने ऑनलाइन जाहिरात दिली. गिऱ्हाइकाने 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणून कोड पाठवला, भावाने स्कॅन करून पिन टाकला आणि अठरा हजार गेले. त्याने मला फोन केला. मी त्याला तासभर झापलं. "मी बँकेत आणि माझाच भाऊ असा?" असं काहीबाही बोललो. दोन महिन्यांनी त्याला दुसरा फोन आला, 'तुमचे गेलेले पैसे आम्ही मिळवून देतो, आधी शुल्क भरा.' त्याने तीन वेळा मिळून बत्तीस हजार भरले. मला सांगितलं नाही. वर्षभराने वहिनींकडून कळलं. पहिल्या वेळी मी शांतपणे ऐकलं असतं तर दुसऱ्या फोनच्या वेळी त्याने मला विचारलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

म्हणून 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य घरात सगळ्यांना द्या, पण घर विचारण्यासारखं राहील हे तुम्हाला बघावं लागेल. चूक सांगायला आलेल्याला पहिला प्रश्न 'किती वाजता झालं?' असा विचारायचा. 'का केलंस?' नंतर, दुसऱ्या दिवशी. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाची किंमत फार असते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार नोंदते आणि पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे चालला आहे तिथे तो अडवायचा प्रयत्न सुरू होतो. फोन करताना रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर उरलेली माहिती भरा. १९३० हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे तुम्ही दुधाचे खाडे लिहिता तिथेच, मोठ्या अक्षरात. मोबाइलमध्ये सेव्ह केला आणि मोबाइलच हातातून गेला तर काय उपयोग?

शिकवायचं म्हणजे भाषण द्यायचं नाही. रात्री जेवणं झाली की खेळ मांडा. मुलीने दुसऱ्या खोलीतून आजीला फोन करायचा: "महावितरणमधून बोलतोय, आज साडेनऊला वीज तोडणार, या ॲपवरून दहा रुपये भरा." आजीने म्हणायचं, "घरी विचारून सांगते," आणि फोन ठेवायचा. नुसतं म्हणून चालणार नाही, ठेवायचा. आपल्या पिढीला समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं आणि भामटे त्यावरच जगतात. दोन-तीनदा प्रत्यक्ष लाल बटण दाबू द्या. मग उलट खेळ: आजीला भामटा होऊ दे आणि मुलीला फसवायचा प्रयत्न करू दे. म्हातारी माणसं यात फार रंगतात, आणि एकदा स्वतः थाप मारून बघितली की समोरच्याची थाप लवकर ओळखू येते. आजीला हेही सांगा की महावितरण कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. बिलाची शंका असेल तर गावातल्या कार्यालयात जायचं, रिक्षाचे वीस रुपये गेले तरी चालतील.

यूपीआयचा एकच नियम सगळ्यांना पाठ करायला लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काही मंजूर करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. माझा भाऊ पदवीधर आहे, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सासूबाईंचं पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर ते काढून टाका. जास्त पैसे ज्या खात्यात, ते खातं मोबाइलपासून लांब ठेवायचं, आणि रोजच्या भाजी-औषधाला वेगळं छोटं खातं. त्यांना मोबाइलने पैसे द्यायची हौस असेल, आणि असू द्यावी, तर 'यूपीआय सर्कल' नावाची सोय २०२४ पासून आहे. त्यात त्या तुमच्या खात्यातून पैसे देऊ शकतात आणि प्रत्येक वेळी मंजुरी तुमच्या फोनवर मागितली जाते. पूर्ण मोकळीक दिली तरी महिन्याला १५,००० ची मर्यादा असते. पण सुरुवातीला मंजुरीचाच प्रकार ठेवा.

मुलगी हुशार आहे, तिने आजीचा फोन काढून घेतला. तरी तिच्यासमोरचे सापळे वेगळे आहेत. लग्नपत्रिका, निकाल, चलान अशा नावाने येणाऱ्या एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइल, उघडायच्या नाहीत. चुकून उघडलीच तर इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० लावायचा. व्हिडिओला लाइक करा आणि दीडशे रुपये मिळवा, हेही ठाऊक असू दे: पहिले दीडशे खरोखर येतात, ते आमिष असतं. पण तिच्या वयाला सगळ्यात जास्त जपायचं ते फोटोच्या धमकीपासून. कुणी तिचा फोटो, खरा किंवा बनवलेला, पसरवायची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागितले, तर एक रुपयाही द्यायचा नाही, काही मिटवायचं नाही आणि त्याच मिनिटाला आईकडे यायचं. ती तेव्हा तुमच्याकडे येईल की नाही हे आज ठरतंय, तुम्ही तिच्या भावाशी कसं वागता ते ती बघते आहे. अशा प्रकारांत त्याच सायबर संकेतस्थळावर नाव न देताही तक्रार करता येते, आणि मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

घरासाठी एक खुणेचा शब्दही ठरवा. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. 'आई, मला पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव' असा तुमच्या मुलाच्याच आवाजात फोन आला तर खुणेचा शब्द विचारायचा. शब्द घरातलाच घ्या: सासूबाईंच्या माहेरच्या गाईचं नाव, नाहीतर पडवीत पूर्वी असलेल्या झाडाचं. फेसबुकवर कधी लिहिलेला नसावा, एवढंच.

आणि 'मी बारावी शिकलेली' हे पुन्हा म्हणू नका. तुम्ही भिशीत असाल, नसलात तर शेजारच्या असतील. भिशीत नवी बाई घ्यायची तर तुम्ही चार घरी चौकशी करता, ती वेळेवर पैसे भरते का, नवरा काय करतो, याआधीच्या भिशीत काय झालं होतं. तुमच्या मुलाने त्या ओळखीच्या मुलाबद्दल एवढी चौकशी केली असती तर आज नोटीस आली नसती. ही चौकशी करायला तुम्हाला कुणी शाळेत शिकवलं नाही. तेच ज्ञान मुलांना मोबाइलच्या भाषेत सांगायचं आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या आणि वीज तोडण्याच्या मेसेजची गोष्ट सांगा. बघा, किमान दोघीजणी म्हणतील की मलाही आला होता.

आता यजमानांचं. त्यांना सांगायलाच हवं. पुण्याच्या शाखेत जायचं, वकील गाठायचा, कदाचित परराज्यात हजर व्हायचं, हे तुम्ही एकटीने लपवून करू शकणार नाही. आणि तुम्ही लपवलंत तर मुलगा पुन्हा तेच शिकेल. पण वेळ बघून सांगा. ड्यूटीवर निघण्याआधी अजिबात नको, त्यांच्या मागे पन्नास प्रवासी बसलेले असतात. घाटातून गाडी घेऊन दमून आले की लगेचही नको. आंघोळ, जेवण होऊ दे, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस निवडा. मुलाला त्या वेळी समोर बसवू नका, तो पुण्यात किंवा शेजारी असू दे. सासूबाई घरात असतील तर बरं, आईसमोर त्यांचा आवाज कमी चढेल. सुरुवात 'त्याने काय केलं' इथून करू नका. "तो नोटीस घेऊन स्वतःहून माझ्याकडे आला," इथून करा. मग कागद हातात द्या, आणि लगेच कामाचं बोला: कोणत्या दिवशी रजा मिळेल, शाखेत कोण जाणार, वकील कोण बघणार. रागावतील. रागावू द्या, मध्ये बोलू नका. राग ओसरला की मुलाला फोन लावून त्यांच्याच हातात द्या. "जेवलास का?" एवढं जरी त्यांच्या तोंडून आलं तरी पुष्कळ आहे.

शाखेकडून लेखी उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा. पाठवताना मुलाचं नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर काळ्या शाईने झाकून टाका. रक्कम गोठवली आहे की पूर्ण खातं, ते त्यावरून कळेल, आणि पुढचं मी त्याप्रमाणे सांगेन.